देव खाली आलाय, आपण वर कशाला?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बर्फाचे फोटो यायला लागतात. कुणाचा तरी मावसभाऊ केदारकांठा करून आलेला असतो. निळंशार आभाळ, पांढरा उतार, आणि मध्ये भाड्याचं लाल जाकीट घालून हात पसरलेला तो. खाली प्रश्न: ‘नाताळच्या सुट्टीत कोण कोण येतंय?’ दहा मिनिटांत पंधरा अंगठे.

त्यातला एक अंगठा माझाही असतो, तेव्हा मी बर्फाच्या विरोधात लिहायला बसलेय असं कुणी समजू नये. मी सियागंजात वाढले. आमच्याकडे बर्फ म्हणजे लस्सीवाल्याच्या दुकानासमोर पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी. हिवाळा म्हणजे सराफ्यातला गराडू, सकाळी पोह्यांवरची वाफ, आणि सियागंजात काश्मीरच्या नव्या अक्रोडांची पोती. बाबा सुकामेव्याच्या एका घाऊक दुकानात हिशेब बघतात. मला हिमालय पहिल्यांदा कळला तो भूगोलाच्या पुस्तकातून नाही, पोत्यांमुळे. अक्रोड काश्मीरचा, चिलगोजा किन्नौरचा, असं बाबा सांगायचे, आणि हम्माल डिसेंबरातही घामाघूम होऊन ती पोती उतरवत असायचे. मी पोत्याला नाक लावून तिकडची थंडी हुंगायला बघायची. वास यायचा तागाचा.

तर बर्फाकडे जायचंच. माझा वाद आहे तो कुठपर्यंत जायचं यावर.

उदाहरण म्हणून तुंगनाथ घेऊ, कारण केदारकांठ्याखालोखाल आपल्या ग्रुपवर त्याचंच नाव असतं. उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, सुमारे 3,680 मीटर उंचीवर हे दगडी देऊळ आहे. पंचकेदारांपैकी हा तिसरा केदार, इथे शंकराच्या बाहूंची पूजा होते अशी श्रद्धा. चोपत्यापासून साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंद वाट आहे, आणि देवळाच्या वर आणखी तासाभरावर चंद्रशिला, जवळजवळ 4,000 मीटर. उन्हाळ्यात आज्यासुद्धा काठी टेकत, दर वळणावर चहा पीत तुंगनाथाला जातात. हिवाळ्यात ही फरसबंदी बर्फाखाली जाते, वाटेवरची दुकानं बंद होतात, देवळाला कुलूप लागतं आणि पुजारी खाली येतात.

आणि देवही खाली येतो. मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुंगनाथाचे कपाट बंद होतात आणि उत्सवमूर्ती डोलीत बसून मक्कूमठ नावाच्या गावी येते. एका दमात नाही. पहिला मुक्काम चोपत्याला, मग भनकुनला, मग मक्कूत. मक्कूचेच मैठाणी ब्राह्मण तुंगनाथाचे पुजारी, म्हणजे देव तसा स्वतःच्या पुजाऱ्याच्या गावी हिवाळा काढतो. केदारनाथाचंही तसंच. भाऊबिजेला कपाट बंद, मग डोली रामपूर आणि गुप्तकाशी असे मुक्काम करत ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. मदमहेश्वरही हिवाळ्यात ऊखीमठलाच. रुद्रनाथ गोपेश्वरला. बद्रीनाथाची हिवाळी व्यवस्था पांडुकेश्वर आणि जोशीमठला. आपल्याकडे पालख्या आषाढात पंढरपूरला जातात, तिकडे थंडीच्या आधी पालख्या गावाकडे येतात. पायीच, मुक्काम करत करत.

आमच्यासोबत एक मैत्रीण होती, जी रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गाते. ऊखीमठला हे ऐकून ती म्हणाली, ‘म्हणजे देवालाही विंटर व्हेकेशन?’ आम्ही हसलो. पण विचार केला तर ही व्हेकेशन नाही. त्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांनी ठरवलेली एक हद्द आहे. अमुक दिवसानंतर या उंचीवर आपलं काम नाही. ती हद्द त्यांनी देवालाही लागू केली, म्हणजे मग माणसाला वेगळं सांगायला नको. देवच जिथे खाली येतो तिथे कोण हट्ट करणार?

आपण करतो. डोली खाली उतरली की महिन्याभरात आपल्या बॅगा वर चढायला लागतात. आणि तिथे जाऊन करतो काय, तर कुलूप लावलेल्या देवळासमोर फोटो. मला त्या फोटोची चीड येते असं नाही, कीव येते. मंदिर आत काय आहे ते दिसत नाही, दगडावरचं काम बर्फात बुडालेलं असतं, दोन मिनिटांच्या वर हातमोजा काढवत नाही. एवढ्या लांब एक प्राचीन वास्तू बघायला गेलो आणि तिचा पडदा म्हणून वापर करून परत आलो.

त्यात ती वास्तू स्वतःच आजारी आहे. 2023 साली पुरातत्त्व खात्याच्या पाहणीची बातमी आली होती: तुंगनाथाचं मुख्य मंदिर पाच-सहा अंशांनी कललंय आणि आवारातली छोटी देवळं तर दहा अंशांपर्यंत. त्याच सुमारास ते राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक करण्याची प्रक्रिया खात्याने हाती घेतली आणि स्थानिक मंडळींनी त्याला हरकतही घेतली. देवळाची मालकी कुणाची हा त्यांचा आपसातला प्रश्न, त्यात इंदूरच्या मुलीने पडू नये. पण जमीन हलतेय का, पाया खचतोय का, याची तपासणी चालू असलेल्या ठिकाणी, बर्फ असताना, पायाखाली पायरी आहे की देवळाचा चौथरा हे दिसत नसताना, बुटांना लोखंडी दात लावून शंभर जणांनी नाचावं का? एवढं तर विचारता येईल. पुन्हा हा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा. 1972 साली ते मुख्यतः कस्तुरीमृगासाठी केलं. हिवाळ्यात जनावरं आधीच अर्धपोटी असतात, त्यात आपण रात्री तंबूबाहेर ब्लूटूथ लावून ‘केदारनाथ’ सिनेमाची गाणी वाजवतो.

आता माझं म्हणणं. हिवाळ्यात हिमालयात चालायला जरूर जावं, पण देव जिथे उतरलाय त्या उंचीवर. साधारण तेराशे ते चोवीसशे मीटरच्या पट्ट्यात, जिथे गावं जागी असतात, चुली पेटलेल्या असतात, देवळं उघडी असतात. बर्फ तिथेही भेटतो. सावलीच्या कुशीत भेटतो, कधी रात्रीत पडून सकाळी अंगणात भेटतो, आणि समोर आकाशात तर अख्खा भेटतोच.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण तसे गेलो. इंदूरहून हरिद्वारकडे थेट गाडी आहे, पुढे देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कुंड करत ऊखीमठ. ओंकारेश्वराचं मंदिर बघायला कुणीतरी अर्धा दिवस द्यावा, आम्ही दिला. रंगवलेलं लाकडी प्रवेशद्वार, आत दगडी मंदिर, आणि केदारनाथाचे रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, कर्नाटकातल्या वीरशैव समाजाचे. गढवालच्या डोंगरात कानडी परंपरा हिवाळा काढतेय, आणि आपण ती बाजूला टाकून चोपत्याची जीप शोधत असतो.

ऊखीमठहून सारी. साधारण दोन हजार मीटरवरचं, उतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचं गाव. आम्ही एका घरी तीन रात्री राहिलो. घरधन्याला आम्ही भैजी म्हणायचो, तो मला भुली म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. रात्री दीदीने जेवायला वाढलं आणि मी ताटाकडे बघतच राहिले. मंडुव्याची भाकरी: आपली नाचणी. गहतची डाळ: आपले कुळीथ. झंगोऱ्याची खीर: दाणा बघितला आणि मला सियागंजातलं पोतं आठवलं, आमच्याकडे उपासाला जे मोरधन म्हणून विकतात, महाराष्ट्रात भगर किंवा वरी म्हणतात, त्याचाच हा चुलतभाऊ. मी दीदीला म्हटलं, ‘दीदी, ये तो हमारे यहाँ व्रत में खाते हैं.’ ती म्हणाली, ‘यहाँ भूख में खाते हैं.’ यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

सारीहून देवरियातालला अडीच-तीन किलोमीटरची चढण. सुरुवातीलाच वाटेवर ओंकार रत्नेश्वर महादेवाचं जुनं देऊळ लागतं, तुंगनाथाच्याच धाटणीचं, लहान, आणि उघडं. इथे आम्ही दगडाला हात लावून बघू शकलो. शिखराचे थर कसे वर वर आत येतात, वर पाऊस-बर्फ झेलायला छत्रीसारखं छप्पर कशाला, जोडांमध्ये काय भरलंय, हे सगळं उन्हात उभं राहून बघितलं. आमच्यातला एक सिव्हिलचा आहे, तो तर पाऊण तास हलेना. तुंगनाथला याच शैलीतलं देऊळ असताना त्याला ते बघायला मिळालं असतं का? डिसेंबरात नाही.

वर बांज आणि बुरांशची झाडं, लंगूर, सावलीत घोट्याएवढा बर्फ, उन्हात चिखल. तलाव साधारण चोवीसशे मीटरवर. पहाटे वारा सुटायच्या आधी गेलात तर चौखंबा पाण्यात उलटा दिसतो, 7,138 मीटरचा डोंगर एका तळ्यात मावलेला. वारा सुटला की तो विस्कटतो. आम्ही दोन सकाळी गेलो. पहिल्या दिवशी ढगच होते. दुसऱ्या दिवशी दिसला. कंपनीच्या ट्रेकमध्ये दुसरी सकाळ मिळत नाही, तेव्हा ढग असतील तर तो तुमच्या नशिबाचा भाग.

मग मक्कूमठ. अर्धा दिवस चाललो, थोडी डांबरी, थोडी पायवाट. देऊळ, पाटी, गर्दी यातलं काही खुणेला नाही. अंगणात वाळत घातलेली लाल मिरची, उन्हात बसलेल्या बायका, आणि मध्ये मार्कंडेय मंदिर, जिथे तुंगनाथ हिवाळ्याला आलाय. आम्ही पाच सोडून बाहेरचं कुणीही नव्हतं. त्याच दिवशी वर चोपत्याच्या दिशेने किती गाड्या गेल्या ते आम्ही रस्त्यावर उभं राहून बघितलं होतं. म्हणजे तुंगनाथाला निघालेली सगळी मंडळी तुंगनाथाच्या घरावरून पुढे निघून गेली.

हे सगळं नवं नाही, आणि मला वाटतं हे कळणं जास्त महत्त्वाचं. मोटाररस्ते व्हायच्या आधी केदारनाथहून बद्रीनाथला पायी जाणारे यात्रेकरू याच बाजूने जायचे: ऊखीमठ, चोपता, मंडल, गोपेश्वर, चमोली. मजल दरमजल. मुक्कामाच्या जागेला ‘चट्टी’ म्हणत. जानकीचट्टी, हनुमानचट्टी ही नावं आजही त्यातलीच. पोथीबासा, बनियाकुंड, दुगलबिट्टा ही नावं ऐकून आम्ही ती पाठच करून टाकली, बनियाकुंड तर सियागंजाच्या एखाद्या गल्लीचं नाव वाटतं. काकासाहेब कालेलकर 1912 च्या सुमारास हिमालयात असेच पायी फिरले. त्यांनी त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं गुजरातीत, हे आपल्या वाङ्मय मंडळाने मनाला किती लावून घ्यायचं ते ठरवावं.

आणि मग आमच्या इंदूरच्या अहिल्याबाई. 2025 साली त्यांची तीनशेवी जयंती झाली, राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला रोषणाई झाली, भाषणं झाली. विमानतळाला त्यांचं नाव आहे, विद्यापीठाला आहे. पण त्यांच्या कामांची यादी नीट वाचा. 1780 चं काशी विश्वनाथ, गयेचं विष्णुपद, सोमनाथ ही मोठी नावं सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या खाली जी लांबलचक रांग आहे ती विहिरींची, बारवांची, घाटांची, कुंडांची, अन्नछत्रांची आणि धर्मशाळांची. केदारनाथ आणि बद्रीनाथ त्या यादीत आहेत ते प्रामुख्याने धर्मशाळांमुळे. महेश्वरला बसून राज्य करणाऱ्या बाईने चालणाऱ्या माणसाचा विचार केला. तो कुठे थकेल, त्याला पाणी कुठे लागेल, रात्र कुठे काढेल. मला कुणी विचारलं की पायी प्रवासातलं खरं ऐतिहासिक स्मारक कोणतं, तर मी शिखरावरचं देऊळ सांगणार नाही, ओसरी सांगेन. जुन्या धर्मशाळेची, धुराने काळी झालेली. पण ओसरीसमोर हात पसरून फोटो काढत नाहीत, त्यामुळे ती कुणाच्या यादीत नसते.

यावर आक्षेप येणार. काही आमच्या ग्रुपवर आधीच आलेत.

एक म्हणजे, ‘तू अचानक भाविक कधीपासून झालीस?’ झाले नाही. कपाट बंद आहेत म्हणून वर जाणं पाप आहे असं मी कुठेही म्हटलं नाही. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना आपण मधल्या वाटेने चालत जात नाही, ते पापाच्या भीतीने नाही, ती जागा ज्यांची आहे त्यांनी ठरवलेली रीत म्हणून. इथे तर रीतीच्या पोटात हवामानाचं ज्ञान आहे, ते नाकारण्यात पुरोगामीपणा कसला?

दुसरा, ‘तरुणपणी शिखर नाही चढायचं तर कधी?’ चढा की. मे महिन्यात चढा, ऑक्टोबरात चढा. मे महिन्यात वाटेच्या कडेला बर्फही शिल्लक असतो, आणि चहावाला असतो, देऊळ उघडं असतं, पुजारी दोन गोष्टी सांगतो. आणि ज्यांनी खरोखर गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलंय, ज्यांना हिमकडा कुठे सुटू शकतो हे बघून कळतं, त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांनी जानेवारीत चंद्रशिला करावी. माझा वाद आहे तो आपल्याशी: राजवाडा ते रीजनल पार्क एवढंही न चाललेल्या, पायऱ्या चढताना धापा टाकणाऱ्या, तीन दिवस आधी बूट विकत घेणाऱ्या आपल्याशी.

तिसरा आक्षेप मात्र मला सोडवता आलेला नाही, आणि तो सगळ्यात मोठा आहे. लोकांचं पोट. यात्रेचा हंगाम सहा महिन्यांचा. उरलेले सहा महिने काय? भैजीला मी विचारलं, तर त्याने आधी तेच सांगितलं जे मला ऐकायचं होतं: ‘जाड़ों में ऊपर हमारा कोई काम नहीं है, भुली.’ मग चूल सारखी करत म्हणाला, पण लोक पैसे देतात, तर मी नेतो. दोन मुलं शाळेत आहेत. गेल्या हिवाळ्यात तो चार वेळा तंबू घेऊन वर गेला होता. ज्या रस्त्यावर जाऊ नये असं त्याला वाटतं त्याच रस्त्यावर तो आपल्यामुळे जातो, आपली बॅगही त्याच्या पाठीवर. त्याला दोष कोण देणार?

पण म्हणूनच प्रश्न आपल्याकडे येतो. तो काय विकतो ते आपण काय मागतो त्यावर ठरतं. बाबा याला बाजाराची साधी गोष्ट म्हणतील. गिऱ्हाईक फक्त काजूच मागत राहिलं तर चारोळीला कोण विचारणार? आमच्या तीन रात्रींचा हिशेब झाल्यावर मी भैजीला स्पष्टच विचारलं की वरच्या एका फेरीच्या तुलनेत हे कसं पडतं. तो म्हणाला, थोडं कमी. पण घरचं धान्य गेलं, दीदीच्या हातात पैसे आले, आणि गुडघे शाबूत राहिले. ‘थोडं कमी’ हे मी लपवत नाही. ते भरून काढायला आपण एक रात्र जास्त राहायला पाहिजे, घासाघीस न करता. सियागंजातल्या मुलीला घासाघीस न करणं किती जड जातं ते तुम्हाला कळणार नाही, तरी केलं.

सरकारलाही हे सुचलंय. डिसेंबर 2024 मध्ये उत्तराखंड सरकारने ऊखीमठहूनच हिवाळी चारधाम यात्रेची सुरुवात केली, म्हणजे लोकांनी या हिवाळी गादीस्थानांना यावं म्हणून. चांगलं आहे. धास्तीही वाटते. कारण सरकारला सुचलं की रुंद रस्ता, मोठी पार्किंग आणि त्यामागून काचेची हॉटेलं येतात, आणि जोशीमठ हे हिवाळी ठिकाणच होतं जिथे जानेवारी 2023 मध्ये घरांना तडे गेले आणि लोकांना रातोरात बाहेर पडावं लागलं. म्हणजे खालची उंची आपोआप सुरक्षित नाही. आपण पंचेचाळीस जणांची बस घेऊन मक्कूमठला गेलो तर आठवड्यात त्याचा चोपता होईल. हा लेख वाचून तसं काही ठरलं तर मी संपादकांना तो मागे घ्यायला सांगेन. पाच-सहा जणांनी जावं, वेगवेगळ्या गावी जावं.

गावं कमी नाहीत. गोपेश्वरचं गोपीनाथ मंदिर बघा: भलंमोठं शिखर, आणि अंगणात माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच लोखंडी त्रिशूळ, त्यावर जुने लेख कोरलेले, त्यातला एक अनेकमल्ल राजाचा. रुद्रनाथ हिवाळ्यात इथे असतो. हिवाळ्यात चोपत्यावरचा रस्ता बर्फाने बंद असला तर कर्णप्रयाग-चमोलीकडून फिरून यावं लागतं, पण त्या वळशाचा फायदा असा की कर्णप्रयागहून थोडी वाट वाकडी करून आदिबद्री होतं. मूळच्या सोळा मंदिरांपैकी चौदा उरलीत, एका छोट्या आवारात एकमेकांना खेटून उभी. आणि पंचकेदारांपैकी एक कल्पेश्वर, उर्गम खोऱ्यात. पाचांतला हा एकटा बाराही महिने उघडा. हेलंगहून उर्गम, पुढे देवग्राम, सफरचंदांच्या बागांमधून चालत. यंदा मी तिकडे जाणार आहे.

सारीतली शेवटची रात्र 24 डिसेंबरची होती. आमच्या क्वायरवालीला घरची आठवण येत होती, नेटवर्क नव्हतं. अंगेठीभोवती बसून तिने नाताळची दोन गाणी म्हटली, एक मराठी, एक हिंदी. भैजीची धाकटी मुलगी तिच्या मांडीवर येऊन बसली आणि ‘और एक’ म्हणाली. मग दीदीने तिच्या लग्नातलं एक गढवाली गाणं म्हटलं, जे आम्हाला चार आणे समजलं. सकाळी उठलो तर शेतांच्या पायऱ्यांवर पातळ बर्फ होता, रात्रीत कधीतरी पडलेला. आम्ही त्यासाठी काही केलं नव्हतं.

आता कामाचं. ज्यांना यायचं आहे त्यांनी दसऱ्यापासून रविवारी चालायला लागा. जानापावची टेकडी आहे, महूजवळ. नाहीतर मांडूला बसने जा आणि तिथे गाडी न करता रेवाकुंडापासून रूपमतीच्या मंडपापर्यंत, परत होशंगशाहाच्या मकबऱ्यापर्यंत पायी फिरा. अंतराची कल्पना येईल आणि बूट कुठे चावतो ते समजेल. नवे बूट घेऊ नका, असलेले रुळवा. थर्मल दोन जोड, लोकरीचे मोजे चार, प्लास्टिकच्या बाटलीऐवजी स्टीलची. दीदीसाठी नेण्यासारखं काही विचाराल तर हिंग न्या, चांगला. सियागंजातून घ्यायचा असेल तर मला सांगा, बाबांच्या ओळखीने दर बरा मिळेल. आणि गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे नाताळच्या सुट्टीसाठी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तेव्हा दिवाळीची गर्दी असते, सकाळी आठला फोन हातात धरून बसा.